पहिले क्रेडिट कार्ड : पत असूनही नोंद नसलेल्यांसाठी

भिवंडीचा धंदा शब्दावर चालतो. सूतवाला महिना-दीड महिन्याच्या उधारीवर माल देतो, सायझिंगचे बिल पुढे ढकलता येते, ग्रे कापडाचे पैसे दलालाच्या मध्यस्थीने आज ना उद्या येतात. ज्याने वीस वर्षांत कोणाचा पैसा बुडविला नाही, त्याला बाजारात चिठ्ठीवर माल मिळतो. पण हाच इसम बँकेत जाऊन क्रेडिट कार्ड मागतो, तेव्हा टेबलामागचा तरुण संगणकात पाहून म्हणतो, "तुमचा काही रेकॉर्डच नाही." आपल्या बांधवांना हा अपमान वाटतो. तो अपमान नव्हे, पण त्यामागची रीत समजून घेतली पाहिजे.

आपल्या देशात बँकेचे क्रेडिट कार्ड १९८० च्या सुमारास आले, तेव्हा मॅनेजर ओळखीवर आणि खात्यावर निर्णय घेई. २००० साली सिबिल ही संस्था स्थापन झाली आणि २००५ मध्ये पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. आपण कोणते कर्ज घेतले, हप्ता कधी भरला, कधी चुकविला, हे बँका त्यांना कळवितात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण पडतात. सूतवाल्याची वही, भिशी, दुकानदाराची उधारी, नातेवाइकाकडून घेतलेले कर्जे-हसना यांतले काहीही तिथे पोहोचत नाही. डेबिट कार्ड रोज वापरले तरी त्याची नोंद होत नाही, कारण तो आपलाच पैसा असतो.

मात्र "आमचा रेकॉर्डच नाही" असे म्हणण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी. कधी काळी भावाच्या किंवा मित्राच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर ते कर्ज आपल्याही अहवालात दिसते. त्याने हप्ते थकविले असतील तर डाग आपल्यालाही लागतो. मुरव्वतीत सही करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो आधी मागवावा. चुकीची नोंद असेल तर तक्रार करून दुरुस्त करून घेता येते.

आता व्याजाचा प्रश्न. आमच्या वाचकांच्या दृष्टीने हा पहिला प्रश्न आहे, म्हणून तो टाळत नाही. कार्डाच्या करारातच लिहिलेले असते की मुदतीत पैसे न भरल्यास व्याज लागेल. सन २००० मध्ये रियाध येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात असा निर्णय झाला की, व्याजाची अट असलेले आणि खात्यातील शिलकीचा आधार नसलेले कार्ड, मुदतीत भरण्याचा इरादा असला तरी, घेऊ नये. दुसरीकडे, गरज असेल आणि व्याज लागू न देण्याची पक्की तजवीज असेल तर सवलत मानणारेही आहेत. फतवा देणे आमचे काम नाही. आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. ज्यांचे मन मानत नाही, त्यांनी डेबिट कार्डावर व्यवहार चालवावा. त्यांचे दैनंदिन काम अडणार नाही. अडेल ते फक्त बँकेकडे पतीची नोंद तयार होण्याचे.

ज्यांनी घ्यायचे ठरविले आहे, त्यांच्यासाठी पुढचे सांगतो.

नोंद नसलेल्याला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवरचे कार्ड. बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत मर्यादेचे कार्ड घ्यायचे. बँकेचा पैसा सुरक्षित असल्याने ती जुनी नोंद विचारत नाही. ठेवीवरील व्याजाचे काय करायचे हा प्रश्न इथेही येतोच, तोही विचारून घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे जिथे आपले चालू किंवा बचत खाते वर्षानुवर्षे आहे त्या बँकेकडेच अर्ज करणे. पॅन, आधार, दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि उद्यम नोंदणी जवळ असावी. आमचे अनेक कारखानदार रोखीत व्यवहार करतात आणि विवरणपत्र भरीत नाहीत. मग बँकेने कोणत्या आधारावर विश्वास ठेवावा?

एकाच वेळी चार बँकांत अर्ज टाकू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि हा मनुष्य पैशासाठी धावतो आहे असा समज होतो. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळविणे बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे. केवळ नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितल्याचे सरकारने २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले होते.

कार्ड निवडताना बक्षिसांचे गुण आणि विमानतळावरील बैठकखोली यांना भुलू नका. शांतीनगरात बारा लूम चालविणाऱ्याला त्याचा काय उपयोग? वार्षिक शुल्क नाही किंवा अगदी कमी आहे आणि मर्यादा लहान आहे, एवढे पुरे. बिलाची तारीख मात्र जरूर पाहावी. ग्रे कापडाचे पैसे ज्या दिवसांत हाती येतात त्यानंतर भरणा यावा अशी तारीख मागून घेता येते. खरेदीपासून भरण्यापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस मिळू शकतात, पण बिलाच्या आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम वीस दिवस मिळतात. हे न समजल्यामुळे अनेक जण फसतात.

सर्वांत मोठा सापळा "किमान देय रक्कम" या शब्दांत आहे. समजा १०,००० रुपये बाकी आहेत आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज आहे. महिन्याचे व्याज ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये, म्हणजे ४१३. आपण ५०० रुपये भरून निश्चिंत झालात, तर मूळ रकमेतून फक्त ८७ रुपये कमी झाले. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. वर्षाला बेचाळीस टक्के! सावकारालाही असा दर मागताना संकोच वाटेल. कार्डाने एटीएममधून रोकड काढली तर बिनव्याजी मुदत मिळतच नाही. मजुरी वाटायच्या शनिवारी हा मोह होतो. ओळखीच्या दुकानात खोटी खरेदी दाखवून, टक्केवारी देऊन रोकड घेणे हाही प्रकार चालतो. तो नियमाविरुद्ध आहे आणि कार्ड बंद होऊ शकते.

म्हणून कार्डावर फक्त वीजबिल किंवा घरचा किराणा असा ठराविक खर्च करावा, तोही मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सूचना बँकेला द्यावी. सहा महिन्यांत सहसा गुण दिसू लागतात.

न मागता कार्ड पाठविण्यास बँकांना मनाई आहे. तसे कार्ड आले आणि बिलही आकारले, तर ते बिल रद्द होऊन त्याच्या दुप्पट रक्कम बँकेने ग्राहकाला द्यावी लागते. सर्व बाकी भरून कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे, अन्यथा दर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी, पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी फी लागत नाही, वकीलही लागत नाही.