वजन किती, हे आधी सांगा

आमच्या शेवगावात पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा लाल जायला लागलं, की पहिलं ऐकू येतं, ‘उष्णता झाली असंल.’ दुसरं ऐकू येतं, ‘पिशवी काढून टाका, कटकट नको.’ मला दोन्ही सल्ले मिळाले. वय ५७, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, जोडीला मधुमेह आणि रक्तदाब. हे आकडे मुद्दाम आधीच लिहिते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर माझे पुढे जे उपचार झाले, त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांना आधी हेच आकडे बघावे लागले.

पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येणं जवळजवळ थांबतं. चरबीच्या पेशी मात्र शरीरातल्या दुसऱ्या संप्रेरकांपासून ते तयार करत राहतात. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन पाळीबरोबर गेलेलं असतं, म्हणून अस्तर वाढत जातं आणि काही जणींमध्ये त्या वाढीतून कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये वजन आणि कर्करोग यांच्या नात्याचा आढावा घेतला. त्यात बीएमआय ४० च्या पुढे असलेल्या बाईला हा धोका बेताच्या वजनाच्या बाईपेक्षा सुमारे सातपट असल्याचं नोंदवलं आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागलं की बीएमआय निघतो. माझा ४२ होता. आपल्या भारतीयांसाठी २५ पासूनच स्थूलपणा धरतात. आपल्याकडे ‘खात्यापित्या घरची’ म्हणून ज्या अंगाचं कौतुक होतं, ते बहुतेक वेळा या रेषेच्या पलीकडचं असतं.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत चरबीमुळे नीट दिसेना. योनीमार्गातून केली तेव्हा अस्तराची जाडी कळली. पाळी गेलेल्या बाईला रक्तस्राव होत असेल आणि अस्तर ४ मिलिमीटरहून जाड असेल, तर आतला तुकडा काढून तपासायलाच हवा. मला मात्र एका दवाखान्यात थेट पिशवी काढायची तारीख दिली गेली. माझी भाची नर्स आहे. ती म्हणाली, “आत्या, तुकडा तपासल्याशिवाय पिशवीला हात लावू द्यायचा नाही.” तिच्या या एका वाक्याने माझे उपचार मार्गी लागले. कर्करोग असेल तर पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय आणि नळ्याही काढतात, लसिकाग्रंथी तपासायच्या का हे ठरवतात आणि पिशवी तुकडे न करता अखंड बाहेर काढतात. साधी पिशवी समजून ऑपरेशन उरकलं आणि कर्करोग नंतर उघड झाला, तर दुसऱ्यांदा पोट उघडायची पाळी येऊ शकते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या बायांच्या पिशव्या सर्रास काढल्या गेल्या. तो प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पिशवी काढणं आपल्या भागात इतकं सहज झालंय, म्हणून हे लिहावंसं वाटतं. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीकडे गेली का, हे विचारा आणि तो रिपोर्ट फाईलला लावून घ्या.

ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर भेटायला आले. छाती, घसा, मान सगळं बघून त्यांनी विचारलं, “बाई, रात्री घोरता का?” चारचौघांत काय सांगायचं, म्हणून मी गप्प राहिले. यजमानांनी सांगितलं, “घोरते, आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि पुढचा बराच वेळ फक्त झोपेबद्दलच विचारत राहिले. झोपेत श्वास थांबणाऱ्या माणसाला भुलीनंतर आणि जोरकस वेदनाशामकांनंतर धोका असतो. मग माझ्यासाठी ऑपरेशनच्या रात्री अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली, वेदनाशामकांचा बेत बदलला, श्वासाची नळी घालायला जास्तीची तयारी ठेवली. घोरणं लपवू नका, घरच्यांनाही लपवू देऊ नका.

वजनदार बाईसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया शक्यतो बरी. छेद लहान राहतात, जखम चिघळण्याचं भय कमी होतं, बाई लवकर उठते. अडचण अशी, की त्यासाठी डोकं खाली आणि पाय वर अशा उतारावर टेबल करतात आणि पोटात वायू भरतात. मोठ्या पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो आणि फुप्फुसांना हवा पुरत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दुर्बिणीने सुरू केलेल्या शस्त्रक्रियांपैकी साधारण चौथा हिस्सा पोट उघडून पुरा करावा लागला आणि वजन वाढत गेलं तसं हे प्रमाणही वाढत गेलं. माझंही तसंच झालं. सर्जननी आधी कल्पना दिली होती, म्हणून शुद्धीवर आल्यावर मी घाबरले नाही. तुमच्या डॉक्टरांना हे दोन्ही विचारून ठेवा: दुर्बिणीने होईल का, आणि न झाल्यास काय?

पोटाची वळी खाली येते तिथे, घडीच्या आत, टाके होते. तिथे घाम साचतो, हवा लागत नाही, त्यात साखर वाढलेली. आठवड्याभरात एका कोपऱ्यातून पाणी यायला लागलं. वॉर्डातल्या सिस्टरनी सुनेला दाखवून दिलं: एका हाताने वळी उचलून धरायची, घडी कोरडी टिपायची, घासायची नाही, मग धुतलेल्या सुती कापडाची पट्टी आत ठेवून वळी सोडायची, आणि पट्टी ओलसर लागली की लगेच बदलायची. सूनबाईने ते न कंटाळता केलं. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात बारीक सुईची इंजेक्शनं, पायांत घट्ट मोजे आणि दुसऱ्या दिवशीपासून चालणं. ‘टाके ओले आहेत, पडून राहा’ असं सांगणाऱ्या पाहुण्यांचं ऐकू नका. जाड अंगाच्या बाईला पडून राहणं जास्त महागात पडतं.

रेडिएशनला कमरेवर बारीक काळे ठिपके गोंदवतात आणि भिंतीतून येणारी लेझरची रेघ त्या ठिपक्यांवर जुळवतात. माझी कातडी सैल, त्यामुळे टेबलावर थोडं सरकलं तरी ठिपका हलायचा. तंत्रज्ञ मुली रोज पुन्हा जुळवत बसायच्या. साधारण पाच आठवडे चालणाऱ्या या उपचारात वजन फार वरखाली झालं, तर आखणी पुन्हा करावी लागू शकते. सीटी आणि रेडिएशनच्या टेबलांना वजनाची मर्यादा असते. वजन फार असेल तर पैठणमार्गे संभाजीनगर किंवा नगर गाठण्याआधी फोन करून खात्री करा.

मला केमो लागली नाही. ज्यांना लागते त्यांनी एवढं माहीत करून घ्यावं, की वजन जास्त म्हणून औषध हात आखडून देणं चुकीचं आहे. डोस खऱ्या वजनावरच धरावा, असं अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ पासून सांगितलं आहे. म्हणून काट्यावरचा आकडा नेमका लिहिला जायला हवा. ओपीडीत कोणी वजन मोठ्याने पुकारत असेल, तर हळू सांगायला सांगा. तो आपला हक्क आहे. पण काट्यावर उभं राहायला नकार देऊ नका, आणि अंदाजे आकडा सांगून वेळ मारून नेऊ नका.

‘आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन’ म्हणत महिने घालवायचे नाहीत. साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणायला थोडे दिवस लागतात, तेवढे द्यावेत. आणि उपचार चालू असताना एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास करू नयेत. अंगावर चरबी असली तरी आतला स्नायू झिजत असतो, आणि साबुदाण्याने तो भरून निघत नाही. मूग, मटकी, दही, चालत असेल तर अंडी रोज पोटात जायला हवीत. वजनाचं काम उपचारानंतर नेटाने करावं, कारण हा रोग लवकर सापडून बऱ्या झालेल्या बायांना पुढे कर्करोगापेक्षा हृदयविकाराचं भय अधिक असतं. मी आता पहाटे पाथर्डी रस्त्याने चालायला जाते, साखर तपासते, दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. पायाला सूज आली तर लगेच दाखवते.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमो बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधी त्याला गाठा.

आता लेकीसुनांचं. वजन वाढलेल्या, पीसीओएस असलेल्या मुलींना चार-चार महिने पाळी येत नाही आणि घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही. लग्न झालेली असेल तर फक्त मूल कधी एवढंच विचारलं जातं. पण आतलं अस्तर तेवढे महिने वाढतच असतं. तीन महिन्यांहून जास्त पाळी चुकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. अस्तराची वाढ वेळीच सापडली, तर गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या संप्रेरकाच्या तांबीसारख्या साधनाने ती बहुधा मागे हटते आणि पिशवी वाचते.