ब्लॉक-पिस्टन बदलण्याआधी

पाऊस ओसरला की काजूच्या बागेत कमरेएवढं गवत असतं आणि दिवाळीआधी बेणणी उरकायची असते. ऐन त्या घाईत आमचा टू-स्ट्रोक ग्रासकटर चालता चालता जाम झाला. दोरी हलेना. मिस्त्री म्हणाला, ऑइल कमी पडलं, ब्लॉक-पिस्टन बदलावा लागेल. बदलला. बागेचा वरचा तुकडा कापून व्हायच्या आत नवा पिस्टनही चिकटला आणि सगळा खर्च पाण्यात गेला.

दोष ऑइलच्या मापात नव्हताच. कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग फाटून तिथून जादा हवा आत जात होती. टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. हवा वाढली की दोन्ही कमी पडतात, पिस्टन तापतो आणि ब्लॉकला धरतो. ॲक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच उतरत नसे, हीच त्याची खूण. असं होऊ लागलं की मशीन तिथल्या तिथे बंद करा. स्क्रू पिळून रेस कमी करत काम रेटू नका.

दोरी अडकली तर इंजिन थंड होऊ द्या, प्लग काढा आणि मग ओढा. दोरी मोकळी सुटून भोकातून पेट्रोल उडालं, तर आत पेट्रोल साचलं होतं एवढंच. इंजिन शाबूत आहे. तरीही हलत नसेल तर सायलेन्सर उतरवा. त्यामागच्या खिडकीत बॅटरी मारली की पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर ब्लॉक उघडू देऊ नका, आधी स्टार्टर आणि बेअरिंग तपासायला सांगा. उभे ओरखडे दिसले, रिंग खाचेत चिकटलेली दिसली, तर पिस्टन गेला.

तेव्हाही नवा माल घेण्याआधी पॅकिंग, क्रँकची सीलं आणि टाकीतली नळी बघून घ्या. नळी वाकवून पाहिली की बारीक चिरा उघडतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, म्हणून हंगाम संपला की टाकी रिकामी करा. मिश्रण 1:50 असेल तर लिटरला 20 मिली ऑइल, 1:25 असेल तर 40. नेमकं कुठलं, ते मशीनच्या पुस्तिकेत असतं. आणि काढलेला जुना पिस्टन मिस्त्रीकडून मागून घ्या. कारण सापडेपर्यंत तो जपून ठेवा.