शोधले, सापडले नाही. म्हणजे तिथे नाही?

गेल्या पावसाळ्यात आमच्या हाउसमधल्या सातवीच्या एका कॅडेटचे घड्याळ क्रॉस कंट्रीच्या सरावात हरवले. घड्याळ त्याच्या आजोबांचे, फौजेतून निवृत्त होताना मिळालेले. नाल्याजवळच्या गवतात तो पाय घसरून पडला होता, म्हणून आम्ही सहा जण संध्याकाळी टॉर्च घेऊन तिथे गेलो. तासभर शोधले, मिळाले नाही. जबाबदारी माझ्याकडे होती. मी वहीतल्या ‘गवत’ या शब्दावर काट मारली. पुढचे चार दिवस रस्ता, मैदान, हाउसचा कोपरान्‌कोपरा पालथा घातला. मेसमध्ये तो माझ्याकडे बघायचा आणि मी ताटाकडे.

त्याच आठवड्यात वर्गात बेजचे प्रमेय सुरू झाले. थॉमस बेज हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. 1761 मध्ये ते वारले आणि त्यांचा निबंध 1763 मध्ये छापला गेला. एरवी आपण कारणाकडून परिणामाकडे जातो: घड्याळ गवतात असेल, तर सापडण्याची संभाव्यता किती? बेजचा प्रश्न उलटा आहे: सापडले नाही, हे तर घडून गेले; मग ते गवतात असण्याची संभाव्यता आता किती?

सूत्र पाठ होते, पण डोक्यात शिरले ते शंभर प्रसंग मांडल्यावर. तो तिथेच पडला, म्हणून समजा 100 पैकी 60 वेळा घड्याळ गवतात आणि 40 वेळा दुसरीकडे. गुडघाभर गवत, त्यात अंधार. तिथे असलेले घड्याळ आम्हाला 10 पैकी 4 वेळाच दिसेल. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, आणि खरी मेख इथेच आहे.) म्हणजे 60 पैकी 24 वेळा ते सापडले असते, 36 वेळा असूनही निसटले असते. दुसरीकडच्या 40 वेळा गवतात काही मिळणारच नाही. रिकाम्या हाताने परतण्याचे प्रसंग झाले 36 + 40 = 76. त्यांपैकी गवतातले 36, म्हणजे सुमारे 47 टक्के. शक्यता 60 वरून 47 वर आली होती, आणि मी ती शून्य धरून बसलो होतो!

हीच गोष्ट समुद्रात घडली आहे. 1 जून 2009 रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे विमान 228 जणांसह अटलांटिकमध्ये कोसळले. त्या काळी ब्लॅक बॉक्सवरची ध्वनियंत्रे पाण्याखाली साधारण 30 दिवस आवाज देत राहायची. जहाजांनी तो ऐकण्याचा प्रयत्न केला, काही ऐकू आले नाही, आणि तो भाग जवळजवळ निकालात निघाला. पुढे गणितज्ञांनी बेजच्या पद्धतीने सगळा पुरावा पुन्हा तोलला. शांततेची कारणे दोन असू शकतात: विमान तिथे नाही, किंवा विमान आहे पण यंत्रेच बंद पडली. दोन्ही यंत्रे एकाच धडकेत सापडलेली. एक बिघडले तर दुसरेही बिघडण्याची शक्यता वाढते. दोन्ही बंद असू शकतात असे धरताच ‘ऐकून झालेला’ भाग पुन्हा वर आला. मार्च 2011 च्या अखेरीस शोध नव्याने सुरू झाला आणि 3 एप्रिलला अवशेष सापडले, सुमारे 3,900 मीटर खोल, त्याच भागात. मे महिन्यात दोन्ही ब्लॅक बॉक्स वर आले आणि अपघाताचे कारण कळू शकले.

हे वाचल्यावर मी वहीतली काट खोडली. रविवारी सकाळी उजेडात आम्ही पुन्हा गवतात उतरलो. या वेळी एका ओळीत, हाताच्या अंतरावर, गुडघ्यांवर बसून, हाताने गवत बाजूला करत. तिसऱ्या फेरीत घड्याळ मिळाले. पट्टा कुजला होता, काच शाबूत होती.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. समजा रविवारीही ते मिळाले नसते. उजेडात आणि ओळीने शोधल्यामुळे या वेळी असलेले घड्याळ 10 पैकी 8 वेळा दिसेल असे धरा. सुरुवात 60 आणि 40 ने करायची नाही; 36 आणि 40 ने करा. माझे उत्तर सुमारे 15 टक्के येते. तुमचे वेगळे आले, तर वही घेऊन माझ्याकडे या.