जुन्या पॉवर टिलरला बदली डिझेल इंजिन बसविताना

भिवंडी तालुक्यात पावसाळ्याच्या आरंभी भातखाचरांची चिखलणी सुरू होते. त्या वेळी टिलर बंद पडल्यास रोपे तयार असूनही लावणी खोळंबते. म्हणून जुने इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले असल्यास ते बदलण्याचे काम उन्हाळ्यातच उरकावे.

मूळ इंजिनापेक्षा अधिक अश्वशक्तीचे इंजिन घेऊ नये; त्यामुळे क्लच व गिअरपेटीवर जादा ताण पडतो. फिरण्याची दिशा मूळ इंजिनाप्रमाणेच असावी. उलट असल्यास पुढच्या गिअरमध्येही टिलर मागे येऊन चालकास इजा होईल. वजनही जवळपास तेवढेच असावे, अन्यथा यंत्र चिखलात रुतते.

पट्ट्याने चालणाऱ्या टिलरमध्ये इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे निराळे असल्यास इंजिनावरील पुली बदलावी. जुन्या इंजिनाचे फेरे २००० व पुलीचा व्यास १२ सेंटिमीटर असून नव्याचे फेरे १५०० असतील, तर २००० ला १२ ने गुणून १५०० ने भागावे; १६ सेंटिमीटर व्यासाची पुली लागेल. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे दोरी ताणून पाहावे. पट्ट्यावर जाळी बसविल्यावाचून इंजिन सुरू करू नये. पहिली चाचणी कोरड्या जमिनीवरच घ्यावी.