वैरातून प्रीती

श्रीमंतांची निवासी शाळा, तिथला गर्विष्ठ नायक, त्याने छळलेली नायिका आणि शेवटी दोघांचे प्रेम! अशा इंग्रजी कादंबऱ्या आम्ही सुरगाण्यातही मोबाईलवर आवडीने वाचतो. सर्वांना वाकवणारा आपल्यापुढे वाकावा, ही सुप्त इच्छा त्या पुरवतात.

मराठीला हे कथाबीज नवे नाही. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ नाटकात (१९११) धनाढ्य भामिनी गरीब धैर्यधराला झिडकारते. पुढे वनमालेच्या वेषात त्याची योग्यता ओळखते आणि तिचा गर्व गळतो. म्हणजे तेथे अपमान करणारी बदलते. या कादंबऱ्यांत मात्र पुष्कळदा छळ सोसणारीच छळाला प्रेम समजू लागते.

महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने रॅगिंग हा गुन्हा आहे. म्हणून कादंबरी जरूर वाचावी. पण नायक खरोखर बदलला काय, हे पाहावे, असे मला वाटते.