चाळीस लिटर रस, एक लिटर सिरप

प्रश्न : माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत मिनेसोटात असते. यंदा मार्चमध्ये तिथल्या एका निसर्ग केंद्रात मेपल सिरप करण्याच्या हंगामी कामाला ती जाणार आहे. फोनवर म्हणाली, ‘कधी सुरू होणार आणि कधी संपणार, कुणालाच ठाऊक नाही.’ असे कसले हे काम? झाडाला भोके पाडून रस काढायचा, तर झाड मरत नाही का? आणि हे आपल्या सह्याद्रीत का होत नाही?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाची खरे तेच सांगते आहे. या कामाची तारीख साहेब ठरवत नाही, पारा ठरवतो. रात्री तो शून्याच्या खाली आणि दिवसा चार-पाच अंशांच्या वर, अशी त्याची ये-जा सुरू झाली की मेपलचा रस वाहू लागतो. मिनेसोटात हे बहुतेक मार्चमध्ये घडते. हंगाम चार ते सहा आठवड्यांचा, पण त्यातही रोज रस येईल असे नाही. चार दिवस सलग कडाका पडला तर बादल्या कोरड्या, आणि रात्रीसुद्धा गोठेनासे झाले तरी कोरड्याच. मग एखाद्या उन्हाच्या दुपारी सगळे जंगल एकदम टपकू लागते आणि माणसे पुरत नाहीत.

याचे कारण मेपलच्या लाकडात आहे. बहुतेक झाडांच्या खोडातले लाकडाचे तंतू पाण्याने भरलेले असतात, मेपलच्या तंतूंत मात्र बरीचशी हवा असते. रात्री गारठ्यात या पोकळ तंतूंत बर्फ धरतो, आतली हवा दाबली जाते आणि झाड मुळांवाटे जमिनीतले पाणी वर ओढून घेते. सकाळी बर्फ वितळला की तीच हवा फुगते आणि रसाला रेटा देते. त्या वेळी खोडाला भोक असेल तर रस तिथून बाहेर पडतो. त्यातली साखर आदल्या उन्हाळ्याची कमाई असते. पानांनी तेव्हा केलेले अन्न खोडात पिष्ट म्हणून साठते, थंडीत त्याची साखर होते आणि वसंतात नव्या पालवीच्या खर्चाला लागते. त्या शिलकीतला थोडा वाटा माणूस उचलतो, एवढेच.

सह्याद्रीचे उत्तरही यातच आले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसले की वर्तमानपत्रांत फोटो येतो; तिथे आठवडेच्या आठवडे रोज गोठणे आणि रोज वितळणे होत नाही. मेपलही आपल्याकडे रानात उगवत नाही. त्याच्या काही जाती हिमालयात आहेत. सह्याद्रीत त्याचा नातेवाईक मात्र आहे, आणि तो म्हणजे आपला रिठा. मेपल, रिठा आणि लिची एकाच कुळातली झाडे. पण रिठ्याला भोक पाडायला जाऊ नका.

आता झाडाच्या जिवाचा प्रश्न. खोडाचा व्यास निदान २५ ते ३० सेंटिमीटर झाल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत, आणि एवढे जाड व्हायला शुगर मेपलला चाळीसेक वर्षे लागतात. भोक सुमारे ८ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल असते. त्यात तोटी ठोकतात आणि तोटीला झाकणाची बादली अडकवतात. हंगाम संपला की तोटी काढून घेतात. झाड ती जखम आतून बंदिस्त करते आणि वरून नवे लाकूड धरते. जुन्या भोकाच्या वर-खाली लाकडाचा एक पट्टा कायमचा निकामी होतो, म्हणून पुढच्या वर्षी नवे भोक बाजूला सरकवून पाडतात. एवढे पथ्य पाळले तर एकाच झाडाचा रस पिढ्यान् पिढ्या काढता येतो. हाव धरून लहान झाडाला भोक पाडणारे किंवा एकाच खोडाला चार तोट्या लावणारे झाड खराब करतात. दोष पद्धतीचा नसतो.

भाचीचे खरे काम यानंतर सुरू होते, आणि ते मुख्यतः ओझी वाहण्याचे आहे. गुडघाभर बर्फात, दुपारनंतर चिखलात, बादल्या ओतून टाकीपर्यंत न्यायच्या. हा रस दिसायला निव्वळ पाण्यासारखा आणि चवीला जेमतेम गोड. उन्हात राहिला तर बिघडतो, म्हणून एक-दोन दिवसांत उकळावाच लागतो. तुम्ही सांगलीचे, गुऱ्हाळातली काहील पाहिलेली असणार. पण उसाच्या रसात पंधरा टक्क्यांच्या पुढे साखर असते, मेपलच्या रसात दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून एक लिटर सिरपला साधारण ४० लिटर रस लागतो. एक तोटी पूर्ण हंगामात जवळपास तेवढाच रस देते. म्हणजे एका तोटीमागे वर्षाला एक लिटर सिरप.

उरलेले ३९ लिटर पाणी वाफ करून उडवायचे असते. ढोबळ हिशेब केला तर आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरवर तीन-चार लिटर सिरपच निघेल. कॅनडातल्या क्यूबेकमधले मोठे उत्पादक झाडांना प्लॅस्टिकच्या नळ्या जोडतात आणि उकळण्याआधीच गाळणयंत्राने बरेच पाणी वेगळे करतात. जगातले सुमारे ७० टक्के मेपल सिरप त्या एका प्रांतातून येते. हा माल इतका मोलाचा की २०११-१२ मध्ये तिथल्या उत्पादक संघाच्या राखीव साठ्यातून जवळजवळ तीन हजार टन सिरप चोरीला गेले! निसर्ग केंद्रात मात्र बहुतेक ठिकाणी बादली, लाकडाची भट्टी आणि पसरट कढया असाच संसार असतो. रात्री उशिरापर्यंत जाळ घालणे, फेस वर आला की लोण्याचा खडा टाकून बसवणे, पाक करपू न देणे. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा चार अंश वर तापमान गेले की सिरप झाले. त्यात तेव्हा ६६-६७ टक्के साखर असते. अलीकडे थांबले तर बुरशी धरते, पलीकडे गेले तर बाटलीत खडे जमतात. मग गरम असतानाच गाळायचे, कारण उकळताना रसातल्या क्षारांची बारीक वाळू तयार होते. आणि शेवटी बादल्या धुवायच्या. या कामाची आठवण कुणी हौसेने काढत नाही.

एवढ्या कष्टाचे सिरप विकून मजुरीही सुटणार नाही. मग निसर्ग केंद्रे हा खटाटोप का करतात? माझ्या मते त्यांचे पीक वेगळे आहे. मार्चमधले जंगल निष्पर्ण, ओले, करडे. एरवी तिकडे कोण फिरकणार? सिरपच्या निमित्ताने शाळेच्या सहली येतात, मुले तोटीखाली जीभ धरतात आणि झाड जिवंत असते हे त्यांना पाठ करावे लागत नाही. मिनेसोटातच कॉलेजव्हिलला सेंट जॉन्स हा बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. युद्धामुळे साखरेचे रेशनिंग झाले तेव्हा, १९४२ मध्ये, तिथल्या साधूंनी आपल्या जंगलात सिरप करायला घेतले. रेशनिंग केव्हाच संपले, सिरप चालू राहिले. आज विद्यार्थी आणि स्वयंसेवक तिथे भट्टीभोवती राबतात.

अर्थात ही विद्या साधूंची नव्हे, युरोपातून आलेल्यांचीही नव्हे. त्या प्रदेशातले ओजिब्वे लोक फार पूर्वीपासून वसंताच्या तोंडावर कुटुंबकबिल्यासह मेपलच्या रानात मुक्कामाला जात. बर्च झाडाच्या सालीच्या भांड्यांत रस धरत आणि पातळ पाकावर न थांबता कोरडी साखर करत, कारण ती वर्षभर टिके आणि नेता-आणता येई. मांस-मासळीलाही ते ती लावत. आजही त्यांची अनेक कुटुंबे हे काम करतात. भाचीच्या केंद्रात पाहुण्यांना माहिती सांगताना हा भाग गाळला जात असेल, तर तिने तो आवर्जून सांगावा.

काम संपते केव्हा? झाडावरच्या कळ्या फुगू लागल्या की. तेव्हा रसाची चव बिघडते आणि कितीही उकळले तरी सिरपला उग्र वास राहतो. पहिल्या रसाचे सिरप फिके सोनेरी, शेवटच्याचे गडद, कारण ऊब वाढते तसे रसातले जंतू साखरेचे रूप बदलतात आणि ती उकळताना अधिक तांबूस होते. फिक्याला नाजूक म्हणून मान आहे. मला विचाराल तर घावनाबरोबर गडदच बरे.

भाचीने बाटली पाठवली तर उघडल्यावर ती फ्रीजमध्ये ठेवा. आणि इथल्या दुकानातून आणणार असाल तर मागचे लेबल वाचा : घटकांत मेपल सिरप हे एकच नाव हवे. ‘पॅनकेक सिरप’ म्हणून स्वस्तात मिळते, तो बहुतेक वेळा मक्याचा पाक असतो.