नृत्याचा पोशाख कसा बेततात

स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे घरोघर पोशाखांची धांदल सुरू होते. पुष्कळदां पोशाख भाड्यानें आणितात. तो कोणा एकीच्या अंगासाठीं शिवलेला नसतो. म्हणून टांचण्या लावून व नाडी आवळून तो कसाबसा बसवावा लागतो. मग नाचतांना मुलीचें लक्ष तालाकडे न राहतां सुटणाऱ्या टांचणीकडे राहतें. मापानें बेतलेला पोशाख कसा तयार होतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस समजावें, एवढ्यासाठीं हा पाठ आहे.

उदाहरणादाखल कथ्थकचा पोशाख घेऊं. आमच्या मांजरीहून पुणें तें काय लांब! रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं तेथें ‘नृत्यभारती’ ही संस्था स्थापन केली, आणि आज पुणें कथ्थकच्या शिक्षणासाठीं प्रसिद्ध आहे. या नृत्यांत गिरक्यांस मोठा मान आहे. गिरकी घेतांच घागरा छत्रीसारखा फुलला पाहिजे आणि थांबतांच खालीं उतरला पाहिजे. हें कापडाच्या किमतीनें साधत नाहीं, कापणीनें साधतें.

प्रथम मापें. कमरेचें माप उभ्यानें घ्यावें. लांबी घोट्याच्या वर संपावी, म्हणजे घुंगरूं झाकलीं जात नाहींत व पाय अडकत नाहीं. चोळीचें माप मात्र हात खालीं असतां घ्यावें आणि हात वर केले असतां पुन्हा घ्यावें. दोहोंत किती अंतर पडतें तें पाहावें. माप हालत्या देहाचें असावें, हा या कामांतील पहिला नियम होय.

घागरा कळ्यांचा करितात. कळी म्हणजे वर अरुंद व खालीं रुंद असा लांब तुकडा. समजा, कंबर २४ इंच आहे व कळ्या १६ आहेत. तर प्रत्येक कळी वर दीड इंच भरली पाहिजे. खालीं ती ९ इंच ठेविली, तर घेर १४४ इंच, म्हणजे ४ वार होतो. शिवणीसाठीं दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच धरिला, म्हणजे कापतांना कळी वर अडीच व खालीं दहा इंच येते. आतां दोन कळ्या एकीचें डोकें दुसरीच्या पायाशीं अशा मांडिल्या, तर दोहोंस मिळून साडेबारा इंच रुंदी पुरते. दोन्ही सरळ मांडिल्या असत्या, तर वीस इंच लागले असते. कापडावरील नक्षी एकाच दिशेची असली, तर मात्र ही काटकसर करितां येत नाहीं. वर्गांतील भूमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं एकदां शिंप्याच्या पाटाशीं बसावें.

अशा कळीची एक कड सरळ धाग्याची व दुसरी तिरपी असते. तिरपी कड ओढली असतां वाढते. म्हणून एकीची तिरपी कड दुसरीच्या सरळ कडेस जोडावी; दोन तिरप्या कडा एकत्र शिवल्यास शिवण लोंबते. सर्व जोडून झाल्यावर घागरा एक रात्र टांगून ठेवावा. तिरपें कापड आपल्या भारानें जेवढें उतरावयाचें तेवढें उतरतें. मग मुलीस तो नेसवून, जमिनीपासून काठीनें सारखें अंतर मोजून खालची कड कापावी व दुमडावी. येथें घाई केली, तर पुढें घेर वरखालीं दिसतो.

चोळीच्या काखेंत ‘बगल’ म्हणून एक चौकोनी तुकडा बसवितात. त्यामुळें हात उंचावला तरी चोळी वर ओढली जात नाहीं. चुडीदार उरेब कापडाचा करितात, म्हणजे तो पोटरीवर घट्ट बसूनही गुडघा वाकूं देतो.

पाश्चात्त्य देशांतील बॅले नृत्यांत प्रश्न तोच, पण उत्तर निराळें आहे. १८३२ सालीं पॅरिस येथें मारी ताल्योनी ही नर्तकी ‘ला सिल्फीद’ या नृत्यनाट्यांत पांढऱ्या तलम, घंटेच्या आकाराच्या घागऱ्यांत नाचली. पुढें तो घागरा आखूड होत गेला व ‘टूटू’ झाला. त्यांत ताठ जाळीचे दहाबारा थर, खालचे आखूड व वरचे लांब, असे एकावर एक शिवितात. वरची काचोळी अनेक उभ्या पट्ट्यांची असून पाठीवर हुकांनीं बंद होते. तेथें पाय दिसावे म्हणून घेर आडवा ताठ ठेवितात. येथें गिरकी दिसावी म्हणून तो मोकळा सोडितात.

शिवणीच्या आंत जें जादा कापड राखितात, त्यास आमचे शिंपी ‘माया’ म्हणतात. वाढत्या मुलीच्या चोळीस दोन्ही कुशींत एकेक इंच माया अधिक ठेवावी व कमरपट्टी थोडी लांब ठेवून हूक सरकवितां येईल असें करावें. पुढील वर्षीं शिवण उसवून तोच पोशाख पुन्हा अंगास बसवितां येतो. ही माया बाहेरून कोणास दिसत नाहीं, पण मूल वाढतें तेव्हां तीच कामास येते. आईबापांनीं पोशाख पाहतांना झगमगाट मागाहून पाहावा. आधीं तो उलटा करून आंतील शिवण पाहावी.